परदेशचे माहेर, महाराष्ट्राचे सासर

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा पहिल्याने मनात आले ते आपले नीलकंठेश्वराचे देऊळ. परंतु त्या देवळावर आजवर इतक्या जणींनी लिहिले आहे की, मी आणखी भर घालण्यात अर्थ नव्हता. विषय सुचला तो एका दुपारी, पापड लाटताना.

आमच्या गल्लीतील एका भगिनीची लेक अमेरिकेत असते. तिने तिकडचे नागरिकत्व घेतले. शपथ घेतानाचा फोटो मोबाईलवर आला तेव्हा बाईंनी लाटणे खाली ठेवले आणि म्हणाल्या, "पोरगी गेली हो आपली. आता ती त्यांची झाली." कोणी समजूत घालू लागले, तर दुसरी म्हणाली, "त्यांची तरी कुठं झाली? ते तिला परकीच म्हणणार." यावर सगळ्याच गप्प झाल्या. परकी हा शब्द आपणा सर्वजणींना चांगला ओळखीचा आहे. लग्न होऊन निलंग्यास आलेल्या कोणत्या सुनेने तो पहिल्या वर्षात ऐकला नाही?

माझ्या सासूबाईंचे माहेर भालकीकडचे. त्या सून होऊन आल्या तेव्हा भालकी आणि निलंगा दोन्ही बीदर जिल्ह्यातच होते. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. निलंगा, उदगीर, अहमदपूर उस्मानाबाद जिल्ह्याकडे आले, भालकी म्हैसूर राज्यात गेली. पुढे १९८२ साली आपला लातूर जिल्हा झाला. सासूबाई म्हणत, "मी चुलीपुढून उठले नाही, अन् मला परराज्याची केली!" त्यांचे ते बोलणे त्या दुपारी आठवले आणि वाटले, आपली लेक तिकडे गेली याचे दुःख आपण करतो, पण तिकडून इकडे येऊन आपल्यातच राहिलेल्या माणसांची आठवण आपण कितीशी ठेवली आहे? त्यांनी या घराला काय दिले, हे पाहावे म्हणून मी जुनी पुस्तके आणि टिपणे काढून बसले. त्यातले जे मनात राहिले तेवढेच येथे सांगते.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. येथे आलेला प्रत्येक गोरा मनुष्य देण्यासाठी आला असे मुळीच नाही. आपल्या जवळच्याच नळदुर्गाचे उदाहरण घ्या. १८५३ साली निजामाने तो मुलूख कंपनीच्या हवाली केला, तेव्हा तेथील कारभार मेडोज टेलर या इंग्रजाकडे आला. मनुष्य कर्तबगार होता, रयतेची भाषा जाणणारा होता, त्याने लिहिलेल्या कादंबऱ्याही गाजल्या. परंतु तो अंमलदार होता, आणि १८६० साली मायदेशी परतला. अशांचा हिशोब निराळा. मी बोलते आहे ते येथे घर करून राहिलेल्यांविषयी.

त्यांत सर्वांत जुने नाव फादर थॉमस स्टीफन्स यांचे. हे इंग्लंडचे. १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ साली वारले. मधल्या चाळीस वर्षांत त्यांनी मराठी व कोकणी अशा आत्मसात केल्या की, त्यांचे 'क्रिस्तपुराण' सुमारे अकरा हजार ओव्यांचे झाले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघड आहे, ते लपवण्याचे कारण नाही. मला नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. स्वतःच्या देवाची कथा सांगायला त्यांनी छंद निवडला तो आपल्या ओवीचा! ज्या भाषेला तेव्हा सरकारदरबारी मान नव्हता, तिची थोरवी त्यांनी त्या ग्रंथात मुक्तकंठाने गायिली आहे. ओवीचे हे सूत्र भगिनींनी ध्यानात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे.

यानंतर दोनशे वर्षे ओलांडून मी एकदम सिंथिया फरार बाईंपाशी येते. १८२७ च्या डिसेंबरात ही अविवाहित अमेरिकन स्त्री मुंबईच्या बंदरात उतरली. एकटी, बत्तीस वर्षांची, नवऱ्याशिवाय. त्या काळी तिच्या स्वतःच्या देशातही हे धाडसच होते. तिने मुंबईत मुलींच्या शाळा चालविल्या, १८३९ पासून अहमदनगरास शाळा चालविल्या, आणि १८६२ साली अहमदनगरासच देह ठेवला. जोतिराव फुले यांनी नगरच्या या शाळा पाहिल्या आणि पुण्यात मुलींची शाळा काढण्याचा त्यांचा निश्चय तेथे पक्का झाला. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण फरार बाईंकडे घेतले, असे चरित्रकार सांगतात. १८४८ साली भिडेवाड्यात शाळा उघडली, ती कथा आपणा सर्वांस पाठ आहे. त्या कथेच्या आरंभी नगरची ही परदेशी बाई उभी आहे, एवढे मात्र आपण विसरतो. ३ जानेवारीस मंडळात सावित्रीबाईंच्या प्रतिमेस हार घालताना मी तरी यापुढे तिची आठवण काढणार आहे.

आता जरा फलटणला चलावे, कारण माझे मन तेथे सर्वांत अधिक रमले. सातारा जिल्ह्यातील या गावात दोन अमेरिकन स्त्रियांची गोष्ट एकमेकींत गुंतली आहे.

पहिली एलिझाबेथ लंडी. जन्म १९०० चा, क्वेकर पंथाच्या घराण्यातला. विष्णु निंबकर यांच्याशी विवाह ठरवून ती १९३० साली हिंदुस्थानात आली आणि कमला निंबकर झाली. म्हणजे अक्षरशः आपली सून. १९३० साली देशात काय चालले होते ते सांगावयास नको. अशा वेळी गोरी कांती घेऊन खादीच्या घरात शिरणे सोपे गेले नसेल. पुढे तिने व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले. हा शब्द काहींस नवा असेल म्हणून सांगते. ज्याचा हात अधू झाला, पाय गेला, अर्धांगवायूने अंग लुळे पडले, त्याला औषधाने होईल तेवढे डॉक्टर करतात. परंतु सदऱ्याचे बटण लावणे, घास तोंडाशी नेणे, पोळी लाटणे हे पुन्हा कोण शिकवणार? ते काम करणारे शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार. कमलाबाईंनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विद्येची भारतातील पहिली शाळा काढली. आज आपल्या भागातील एखादी मुलगी हा अभ्यासक्रम घेते, तेव्हा ती त्या अमेरिकन सुनेने घातलेल्या वाटेने चाललेली असते. कमलाबाई १९७९ साली वारल्या.

दुसरी मॅक्सीन बर्नसन. जन्म १९३५, अमेरिकेतच. भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी १९६६ साली फलटणास आली. लोक प्रत्यक्षात कशी मराठी बोलतात, कोणत्या घरात कोणता उच्चार होतो, हा तिचा विषय. बोलण्यावरून माणसाची जात ओळखणारी आपली मंडळी. त्यांना तिने विचारले की, तुम्ही हे ओळखता ते नेमके कशावरून! प्रबंध झाला, पदवी मिळाली, आता परत जावयाचे. पण बाई राहिली. १९७८ साली तिने भारताचे नागरिकत्व घेतले. जय निंबकर यांच्याबरोबर तिने परभाषिकांसाठी मराठीची पुस्तके केली. जय म्हणजे इरावती कर्वे यांची कन्या आणि कमलाबाईंची सून. शिवाय शाळेत जाऊनही अक्षर न लागलेली मुले तिच्याकडे येऊ लागली. १९८४ साली तिने प्रगत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९८६ साली संस्थेची शाळा सुरू झाली. तिचे नाव कमला निंबकर बालभवन! एका परदेशी बाईने काढलेल्या शाळेला दुसऱ्या परदेशी बाईचे नाव, आणि माध्यम मराठी. आपल्याच गावात मराठी शाळांचे वर्ग ओस पडत आहेत आणि आपण नातवंडांना इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवून हात हलवतो आहोत. मीही हलवते, दुसऱ्यास दोष देत नाही.

गेल ऑम्वेट यांचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. १९४१ साली मिनियापोलिस येथे जन्मलेल्या या विदुषीने महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीवर प्रबंध लिहिला, १९७६ साली भारत पाटणकर यांच्याशी विवाह केला, १९८३ साली भारताचे नागरिकत्व घेतले आणि सांगली जिल्ह्यातील कासेगाव या खेड्यात संसार केला. मोठ्या विद्यापीठाची खुर्ची तिला सहज मिळाली असती. तिच्या सासूबाई इंदुताई पाटणकर या प्रतिसरकारच्या लढ्यातील क्रांतिकारक. सासू-सुनेचे वाद कोठे होत नाहीत? पण या सासू-सुनांनी मिळून नवऱ्याने टाकलेल्या बायांच्या हक्कासाठी चळवळ केली. ऑम्वेटबाई २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच वारल्या.

आता आपल्या दाराशी येते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मी वर्णन करणार नाही. गणपती बुडवून माणसे निजली होती, आणि चारच्या सुमारास किल्लारीपासून आपल्या तालुक्यापर्यंत दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदे खाली आली. पुढे बाहेरून जी मदत आली, तिच्यात एक नाव होते लॉरी बेकर यांचे. केरळच्या 'मलयाळ मनोरमा' या वृत्तपत्राच्या वाचकांनी पैसा उभा केला आणि आपल्या भूकंपग्रस्त भागातील बाणेगाव पुन्हा वसविण्यासाठी बेकर यांनी घरांचा आराखडा केला. हे बेकर जन्माने इंग्रज, १९१७ सालचे. दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये रुग्णसेवा करून परतताना मुंबईत बोटीसाठी अडकले, तेथे गांधीजींची भेट झाली. गांधीजींचे लक्ष प्रथम गेले ते त्यांच्या पायांतील चिंध्यांपासून केलेल्या जोड्यांकडे! घर बांधावे ते पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून, हा गांधीजींचा विचार बेकर यांनी पुढे जन्मभर पाळला. १९४५ साली ते भारतात आले ते कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी इमारती बांधावयास. केरळच्या डॉक्टर एलिझाबेथ यांच्याशी विवाह केला, हिमालयात सोळा वर्षे काढली, पुढे केरळात गरिबांची घरे बांधली, १९८९ साली ते भारतीय नागरिक झाले आणि २००७ साली तिरुवनंतपुरमला वारले. आमच्या गल्लीतल्या त्या भगिनीस मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "त्याची आई होती का हो मागं?" याचे उत्तर मजजवळ नव्हते.

शेवटी ओवीकडे वळते. गी पॉइत्वाँ हे फ्रेंच गृहस्थ पुण्यास येऊन स्थायिक झाले, भारताचे नागरिक झाले. हेमा राईरकर यांच्यासह त्यांनी मावळ-मुळशीच्या डोंगरी भागात गरिबांमध्ये काम केले आणि तेथे त्यांच्या ध्यानात आले की, या बायांचे सारे मन जात्यावरच्या ओवीत आहे. मग त्या गोळा करण्याचे काम सुरू झाले ते वीस वर्षे चालले. हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या बाया, एक लाखाहून अधिक ओव्या! बर्नार्ड बेल या दुसऱ्या फ्रेंच गृहस्थांनी ध्वनिमुद्रण व संगणकाची बाजू सांभाळली. आपला मराठवाडाही त्यात आहे. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या आणि बीड जिल्ह्यातील माजलगावच्या बायांचे आवाज त्यात आहेत. माजलगावच्या भीमनगरातील बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या तर ऐकाव्याच. पॉइत्वाँ २००४ साली वारले, पण आज त्या ओव्या मोबाईलवरही ऐकता येतात.

मंडळात हे सांगितल्यावर एका सुनेने रोखठोक विचारले, "काकू, बायांनी गायलं, त्यांनी पुस्तकं केली. बायांना काय मिळालं?" प्रश्न योग्य आहे. दाम मिळाला की नाही, ते मी सांगू शकत नाही. परंतु त्या संग्रहात ओवीपाशी गाणारणीचे नाव आहे, गाव आहे. ज्या बाईचे नाव सात-बाऱ्यावर नव्हते, दाराच्या पाटीवर नव्हते, तिचे नाव तेथे लिहिलेले आहे. आणि आमचे काय? माझ्या सासूबाईंना शंभरावर ओव्या येत. त्यांत भालकीकडचे कानडी शब्दही मिसळलेले असत, माहेरच्या वाटेच्या ओव्या तर त्या अशा म्हणत की, जाते थांबले तरी कळत नसे. मी शिकलेली सून, वही-पेन माझ्या हाताशी. एकदा लिहून घेते म्हटले, तर त्या म्हणाल्या, "तुला कशाला गं त्या वव्या? गिरणी आहे की." आणि मीही त्यांचे ऐकले! फ्रान्सहून आलेला मनुष्य मुळशीच्या डोंगरात ओसरीवर बसून जे करीत होता, ते मी स्वयंपाकघरात बसून केले नाही. सासूबाई गेल्या तेव्हा ओव्या त्यांच्याबरोबर गेल्या.

परवा बसून आठवू लागले. अकरा आठवल्या, त्यांतील तीन अर्ध्याच. आमच्या गल्लीतल्या त्या भगिनीने आपल्या लेकीस फोन लावला, तर तिला आजीच्या म्हणून आणखी दोन आठवत होत्या. तिने तिकडून म्हणून दाखविल्या, आम्ही इकडे लिहून घेतल्या. आता तेरा झाल्या आहेत. ती वही मंडळाच्या कपाटात, हिशोबाच्या वह्यांच्या वरच्या कप्प्यात ठेवली आहे. पहिले पान कोरे ठेवले आहे, तेथे ओवी सांगणारीचे नाव व माहेरचे गाव लिहावयाचे आहे. ज्यांच्या घरी अजून कोणी वृद्ध बाई आहे, त्यांनी गुरुवारी दुपारी तीननंतर यावे, किंवा मला निरोप द्यावा, मी वही घेऊन घरी येईन.