जनुक बदललेलं जनावर डीएनए चाचणीत कसं ओळखतात?

कोविडच्या काळात घराघरात माहीत झालेली पीसीआर चाचणी जनुकीय बदल केलेलं जनावर ओळखायलाही वापरतात. आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याकडची संकरित जर्सी गाय यात मोडत नाही, तो फक्त दोन जातींचा संकर आहे. जनुकीय बदल म्हणजे प्रयोगशाळेत डीएनएमध्ये थेट केलेला फेरफार.

चाचणी कशी होते?
रक्त, केस किंवा गोश्ताच्या लहानशा तुकड्यातून डीएनए काढतात. त्यातला ठरावीक भाग शोधून त्याच्या प्रती तयार करतात. दर फेरीला प्रती दुप्पट होतात, म्हणजे 30 फेऱ्यांत एकाच्या 100 कोटींहून जास्त. त्यासाठी नमुना दर फेरीला सुमारे 95 अंशांपर्यंत तापवून थंड करणारं यंत्र लागतं. जपानी शास्त्रज्ञांनी 2000 साली मांडलेल्या 'लॅम्प' पद्धतीत 60 ते 65 अंशांचं एकच तापमान पुरतं आणि साधारण तासाभरात निकाल मिळतो. त्यामुळे ही चाचणी मोठ्या प्रयोगशाळेबाहेरही करता येते.

सोपं काय, अवघड काय?
अमेरिकेने 2015 मध्ये खाण्यासाठी मंजूर केलेल्या झटपट वाढणाऱ्या सॅमन माशात चिनूक सॅमन आणि ओशन पाउट या दोन माशांचा डीएनए एकत्र जोडून घातला आहे. असा जोड निसर्गात नसतो, म्हणून तो सापडला की मासा ओळखू येतो.

बिनशिंगी बैलांचं तसं नाही. अमेरिकेतल्या एका कंपनीने दुधाळ जातीच्या बैलांत जो बदल केला, तो अँगससारख्या जातींत मुळातच असतो. नुसता तो बदल तपासला तर नैसर्गिक कोणता आणि माणसाने केलेला कोणता, हे कळत नाही. 2019 मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी एका बैलाचा संपूर्ण डीएनए तपासला, तेव्हा त्यात जिवाणूचा डीएनएही निघाला. त्यात अँटिबायोटिकला दाद न देणारी जनुकं होती. कंपनीच्या आधीच्या तपासणीत ती दिसली नाहीत, कारण कोणी शोधलीच नव्हती.

रिपोर्ट कसा वाचावा?
चाचणी फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. 'निगेटिव्ह' म्हणजे शोधलेला बदल सापडला नाही, एवढंच. म्हणून रिपोर्ट हातात आला की नेमकं काय शोधलं ते विचारा आणि जनावराच्या पैदाशीची नोंदही मागा.