डॉक्टरांना गुण देणारी पेशंट

दवाखान्यात डॉक्टर मान वर न करता "काय होतंय?" विचारतात आणि आपलं सांगून व्हायच्या आत चिठ्ठी लिहून झालेली असते. आपल्याला हे नवं नाही. पण डॉक्टर कसा वागला हे पेशंटलाच विचारावं, असं कुणाला सुचलं असेल? ती गोष्ट अमेरिकेतली आहे.

तिथं हॉवर्ड बॅरोज नावाचे मज्जातंतूंचे डॉक्टर होते. ते तरुण असताना त्यांच्या रुग्णालयात सॅम म्हणून एक पेशंट होता. परीक्षेच्या वेळी डॉक्टरांना तपासायला त्याला पुढं करत. एकदा त्यानं बॅरोजना सांगितलं, की एक जण फार धसमुसळेपणानं वागला, म्हणून मी त्याची जिरवली! एका पायाची खूण दुसऱ्या पायावर दाखवली, बधिरपणाची जागाही बदलून सांगितली. मला विचाराल तर बरंच केलं.

बॅरोज रागावले नाहीत, विचारात पडले. दुखणं हुबेहूब वठवता येतं, आणि डॉक्टरचा हात कसा लागला हे ज्याला लागला त्यालाच कळतं.

१९६३ साली लॉस एंजेलिसच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी रोझ मॅकविल्यम्स या बाईंना तयार केलं. त्या चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसत. त्यांनी पायातली ताकद गेलेल्या बाईचं सोंग वठवायचं, विद्यार्थ्यानं तपासायचं. तो गेला की रोझबाई कागद भरत: काय तपासलं, काय राहिलं, वागणं कसं होतं.

वर्तमानपत्रांनी टर उडवली, की कॉलेजात सिनेमावाले शिरले. बरोबरीच्या डॉक्टरांनाही ते शोभेसं वाटलं नाही. पुढं चाळीसेक वर्षांनी, २००४ मध्ये, तिथल्या डॉक्टरकीच्या परवान्यासाठी अशा पेशंटसमोरची परीक्षा आली. तिचा खर्च फार, अशी विद्यार्थ्यांची तक्रार असे. करोनात ती थांबली आणि २०२१ मध्ये बंदच झाली. कॉलेजांतून मात्र असे पेशंट अजून शिकवतात.

आपल्याकडं २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वागणूक, नीती आणि संवाद हा वेगळा भाग आला आहे. पेशंटशी कसं बोलावं, वाईट बातमी कशी सांगावी, हे त्यात शिकवायचं असतं.

हे सगळं मी आमच्या बचत गटात सांगितलं. बायका सॅमच्या गोष्टीला खूप हसल्या. एक जण तेवढी गप्प होती. मग म्हणाली, "ताई, पहिल्या बाळंतपणात कळा येत होत्या तेव्हा माझ्यावर ओरडले होते. मला लिहाय-वाचाय येतंय. पण तसला कागद मला कुणी दिलाच नाही."