कुत्रा (वऱ्हाडातील)

वऱ्हाडच्या गावाशहरांत माणसाच्या सोबतीने राहणारा प्राणी. दत्तमूर्तीजवळची चार कुत्री चार वेदांची प्रतीके मानतात.

अमरावती-अकोल्याच्या गल्ल्यांतील गावठी कुत्री आखूड केसांची असतात. वैशाखात ती नालीकाठच्या ओल्या मातीत अंग टाकतात, रात्री अनोळखी पावलांवर भुंकतात. उरलेली भाकर त्यांच्या वाट्याला येते.

प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार त्यांच्या नसबंदीची व रेबीज लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आहे. नसबंदीची खूण म्हणून कानाला खाच पाडतात. कुत्रा चावल्यास जखम साबणाने १५ मिनिटे धुऊन तत्काळ लस घ्यावी.

मेळघाटातील कोळसून ही निराळी, वन्य जाती आहे.