सांध्याची गोष्ट : शिशापासून सोल्युशनपर्यंत

युसूफ वडगाव हे बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातले गाव. मांजरा धरण याच तालुक्यात धनेगावला आहे. ते कोरडे पडले तेव्हा, २०१६ साली, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा मुलखात नळाइतकेच मोल त्याच्या सांध्याला असते. नळाचा इतिहास पुष्कळदा सांगितला जातो, सांध्याचा क्वचितच; म्हणून येथे आपण सांध्याकडेच पाहू.

बंद नळाने पाणी आणणे मराठवाड्याला नवे नाही. औरंगाबादेतील (आता छत्रपती संभाजीनगर) पाणचक्कीपर्यंत डोंगराकडचे पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून येई. पुढे बिडाचे नळ आले. (बीड म्हणजे ओतीव लोखंड, जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही.) दोन नळांमधल्या फटीत ताग ठासायचा आणि वर वितळलेले शिसे ओतायचे. लोखंडी नळाला आटे पाडून सफेदा व ताग लावत. पद्धती निराळ्या, पण सांधा म्हणजे तिसऱ्याच पदार्थाने बुजवलेली फट, हे सगळीकडे सारखे.

पीव्हीसीने ही कल्पनाच बदलली. १८७२ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ बाउमान यांना हे पांढरे चूर्ण मिळाले. त्याचे काय करावे, हे पुढे कित्येक वर्षे उमगले नाही. १९२६ मध्ये अमेरिकेत गुडरिच कंपनीतील वॉल्डो सेमन रबर धातूला चिकटवणारा पदार्थ शोधत होते. पीव्हीसी द्रावकात तापवल्यावर त्यांना लवचीक गोळा मिळाला, तो चिकटेना! त्यातून मऊ पीव्हीसी जन्मले. कडक पीव्हीसीचे नळ जर्मनीत १९३० नंतरच्या दशकात आले.

हे नळ जोडायच्या द्रवाला दुकानात ‘सोल्युशन’ म्हणतात, आणि ते नाव अगदी बरोबर आहे. टेट्राहायड्रोफ्युरान, सायक्लोहेक्झॅनोन अशा द्रावकांत विरघळवलेले ते पीव्हीसीच असते. द्रावक दोन्ही पृष्ठभाग मऊ करतो, रेणूंच्या साखळ्या एकमेकींत शिरतात, द्रावक उडून जातो. मग जोड असा वेगळा उरत नाही; नळ एकच होतो. म्हणूनच ओलावा, धूळ किंवा घाईने दिलेला पाण्याचा दाब घातक ठरतो, आणि चुकलेला सांधा उकलता येत नाही, कापावाच लागतो.

ठिबकच्या काळ्या नळीला मात्र सोल्युशन लागू पडत नाही. ती पॉलिथीनची असते, आणि हे द्रावक पॉलिथीन विरघळवत नाहीत. वर्गात थर्माकोलवर व पॉलिथीनच्या पिशवीवर ॲसिटोनचे थेंब टाकून पाहावेत (खिडक्या उघड्या, ज्योत दूर). थर्माकोल खचतो, पिशवी जशीच्या तशी राहते.

भारतात पीव्हीसी नळांचे मानक, आयएस ४९८५, १९६८ साली निघाले. सोल्युशनचे, आयएस १४१८२, निघाले १९९४ मध्ये. मधली २६ वर्षे नळाला कसोटी होती, पण सांध्याची भिस्त डबा उघडणाऱ्याच्या हातावर होती.