कापडी पंखांची कसोटी

थोरांची चरित्रे सांगताना आपण यशाचे वर्णन करतो व त्यापूर्वीची अपयशे गाळतो. म्हणून राइट बंधूंनी विमानाचे पंख कसे घडविले व पारखले, एवढाच वृत्तांत ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे.

अमेरिकेतील डेटन शहरी विल्बर व ऑर्व्हिल हे बंधू सायकलींचे दुकान चालवीत. दोघांपैकी एकाजवळही हायस्कूलचे प्रमाणपत्र नव्हते. इ. स. १९०० मध्ये विल्बर पहिले ग्लायडर जोडण्यास किटी हॉक या समुद्रकाठच्या गावी निघाला. वाटेत हव्या त्या लांबीचे लाकूड मिळेना. पंख आखूड करणे भाग पडले. तेव्हा शिवून आणलेले कापड उसवून, टेटबाईंच्या शिवणयंत्रावर त्याने ते स्वहस्ते पुन्हा शिवले. पुढे त्याच टाकलेल्या कापडाचे टेटबाईंनी मुलींना झगे शिवले!

१९०१ चे ग्लायडर मोठे होते. परंतु जर्मन संशोधक लिलिएंथाल याच्या कोष्टकांवरून अपेक्षिलेली उचल त्यास मिळेना. बंधू निराश झाले, पण स्वस्थ बसले नाहीत. सहा फूट लांब व सोळा इंच चौरस अशा लाकडी पेटीतून वारा सोडून त्यांनी सुमारे २०० छोटे पंख तपासले. तेव्हा उमगले की, हवेच्या दाबाचा जो जुना गुणांक अनेकजण वापरीत, तोच सुमारे दीडपट मोठा होता! तसेच, लांब व अरुंद पंख अधिक गुणकारी ठरले.

१९०३ च्या विमानाचे पंख ४० फूट ४ इंच लांब होते. स्प्रूस लाकडाच्या सांगाड्यावर साधी मलमल चढविली होती. ती उरेब कापल्यामुळे तिरपे धागे पंखास ताणासारखा आधार देत. फासळ्या कापडाच्या शिवलेल्या खोळींत बसविल्या होत्या. १७ डिसेंबर १९०३ रोजी ऑर्व्हिलने पहिले उड्डाण केले: १२ सेकंद, १२० फूट. त्याच दिवशी विल्बर ५९ सेकंदांत ८५२ फूट गेला.

मी आयुष्यभर छापील आकडे फळ्यावर लिहिले. उत्तर जुळले नाही, तर दोष विद्यार्थ्यालाच दिला. आज त्याची खंत वाटते. आपल्या मुलांनी पुस्तकाचा आदर अवश्य करावा. मात्र मोजून पाहण्याचे धैर्य धरावे, आणि हाती सुई अथवा करवत घेण्यात कमीपणा मानू नये, हीच विनंती.