तापीकाठचा थाळनेर किल्ला

थाळनेर म्हटलं की अनेकींना माई मंगेशकरांचं माहेर आठवतं. शिरपूर तालुक्यातल्या या गावाची त्याहून जुनी ओळख म्हणजे तापीकाठचा किल्ला.

उत्तरेला माळवा, पश्चिमेला गुजरात, दक्षिणेला दख्खन. या सीमेवर किल्ला नदीची वाट राखत उभा होता. १३७० मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकानं हा मुलूख मलिक राजाला दिला. त्यानं इथूनच खानदेशची फारुकी राजवट उभी केली. १३९९ मध्ये तो वारला. त्याची आणि त्याच्या वारसांची थडगी आजही गावात आहेत. त्यांतलं एक आठकोनी, कोरीव आहे.

सीमेवरच्या गावाला व्यापार मिळतो, तशी लढाईही. जानेवारी १८१८ च्या मंदसोर तहात होळकरांनी खानदेश इंग्रजांना दिला. किल्लेदार तुळशीराम मात्र किल्ला सोडेना. २७ फेब्रुवारीला हिस्लॉपच्या फौजेनं किल्ला घेतला, आतले सुमारे ३०० शिपाई मारले आणि किल्लेदाराला फाशी दिली. विलायतेच्या पार्लमेंटातही त्यावर प्रश्न उठले. तह कागदावर झाला, जीव यांचे गेले.

आज तिथे पडके अवशेष आहेत. संग्रहालय आहे ते धुळ्यात, इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचं. राजवाड्यांनी गावोगाव फिरून घराघरांतली जुनी दप्तरं गोळा केली. १९२६ मध्ये ते धुळ्यातच वारले. तेव्हा दिवाळीची साफसफाई करताना पेटीतला मोडी कागद रद्दीत घालू नका, तिथे नेऊन दाखवा. आणि बचत गटाची सहल काढाल तर थाळनेर जरूर पाहा. किल्ल्याचा दगड मात्र तिथेच राहू द्या.