ट्रकचालकांचे कामाचे तास व रस्त्यावरील तपासणी (नागपूर)

राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ नागपुरात एकत्र येतात. वाडी, कापसी, बुटीबोरी भागांत मालवाहतूक एकवटली आहे. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने चालकासाठी दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली; लांब पल्ल्यासाठी ती १० व ५४ तासांपर्यंत वाढवता येई. सलग ५ तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची होती. मात्र पाचांहून कमी कामगार असलेल्या आस्थापना यातून सुटल्या. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे राबणारा, संरक्षणाची सर्वाधिक गरज असलेला चालक त्यामुळे उघड्यावरच राहिला.

परिवहन विभागाचे वायुवेग पथक गाडी बाजूला घेऊन लायसन्स, आरसी, परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी पाहते. डिजिलॉकरमधील प्रत चालते. ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड असून जादा माल उतरवण्याचा खर्चही भरावा लागतो. चालक किती तास जागा आहे, हे यांतला एकही कागद सांगत नाही. ही उणीव गंभीर आहे. वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास ठरवावेत, अशी भूमिका नागपूरचे खासदार व केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२१ मध्ये मांडली.